गुलाबी बोंडअळी की हिरवी बोंडअळी? कापसावरच्या दोन पतंगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोंड फोडलं, आत अळी दिसली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय फवारू? त्याआधी विचारायचा प्रश्न राहून जातो. ही अळी कोणाची? कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या अळ्या एकाच पतंगाच्या नसतात. त्यातल्या दोन मुख्य पतंगांच्या सवयी इतक्या वेगळ्या आहेत की एकीवर चालणारा उपाय दुसरीवर वाया जातो. गुलाबीचा बंदोबस्त कॅलेंडर पाहून करायचा असतो, हिरवीचा शेतात फिरून. खालची उत्तरं याच फरकाभोवती आहेत.

या दोन अळ्या नेमक्या कोणत्या पतंगांच्या?

गुलाबी बोंडअळी म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हिलाच हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. नावं पाच, पतंग एकच. दोघींची कुळंही वेगळी आहेत. गुलाबीचा पतंग गेलेचिडी या बारीक पतंगांच्या कुळातला, हिरवीचा नॉक्टुइडी या दणकट पतंगांच्या कुळातला. त्यामुळे त्यांना एकमेकींच्या बहिणी समजण्याचं कारण नाही.

सापळ्यात पाखरू सापडलं. ते कोणतं हे कसं ओळखायचं?

आधी आकार पाहा, बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. गुलाबीचा पतंग इतका लहान असतो की पुष्कळ लोक त्याला किरकोळ चिलट समजून झटकून टाकतात. पंख पसरले तरी जेमतेम १२ ते २० मिलिमीटर. रंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर अस्पष्ट काळसर पट्टे आणि मागच्या पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर. बसताना पंख अंगालगत मिटून घेतो, त्यामुळे लांबट दिसतो.

हिरवीचा पतंग त्याच्या दुप्पट, पंख पसरल्यावर ३० ते ४० मिलिमीटर, आणि अंगाने जाड. नर हिरवट-करडा, मादी तपकिरीकडे झुकणारी. पुढच्या पंखाच्या मध्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग असतो. मागचा पंख फिका आणि त्याच्या बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा. हा पट्टा पाहायचा तर पंख हलक्या हाताने उघडावा लागतो. चिकट सापळ्यात अडकून खवले गेलेला पतंग ओळखणं कठीण जातं, तेव्हा आकारावर विसंबावं.

अळी गुलाबीसर आहे, पण चांगली मोठी आहे. मग ती गुलाबी बोंडअळीच ना?

बहुधा नाही. रंगावर जाऊ नका, इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. हिरव्या बोंडअळीचा रंग ठरलेला नसतो. ती हिरवी, पिवळसर, तपकिरी, काळपट, कधी गुलाबटही असते. उलट गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढुरकी असते. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत तिच्या अंगावर आडवे गुलाबी पट्टे येतात. म्हणजे कोवळं बोंड फोडून पांढरी बारीक अळी दिसली आणि ‘ही गुलाबी नाही’ म्हणून सोडून दिली, तर हातातला वेळ गेला.

मापाने पाहा. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली तरी साधारण ११ ते १३ मिलिमीटर. हिरवी ३५ ते ४० मिलिमीटरपर्यंत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी अंगभर लांब रेघा असतात. रेघा लांबीच्या दिशेने असतील तर हिरवी, रंगाचे पट्टे आडवे असतील तर गुलाबी.

बोंड बाहेरून धडधाकट, छिद्र कुठेच नाही. मग आत अळी कशी?

हे गुलाबीचंच काम. मादी पात्यांवर (म्हणजे न उमललेल्या कळ्यांवर), फुलांवर आणि नंतर हिरव्या बोंडांच्या देठाकडच्या बाजूला, बुडाच्या हिरव्या आवरणाखाली अंडी घालते. अंड्यातून बाहेर आलेली अळी केसाएवढी असते. ती लगेच बोंडात शिरते आणि बोंड वाढत असल्याने तिचं प्रवेशाचं छिद्र बुजून जातं. पुढचे दहा-चौदा दिवस ती आतच सरकी खात राहते. बाहेर पडताना मात्र दीड-दोन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडते. ते छिद्र दिसलं याचा अर्थ नुकसान होऊन गेलं आहे.

हिरवीला लपायची गरज वाटत नाही. ती मोठं गोल छिद्र पाडते, डोकं आत आणि निम्मं अंग बाहेर ठेवून खाते, विष्ठा छिद्राच्या तोंडाशी टाकते आणि एक बोंड अर्धवट सोडून दुसऱ्याकडे जाते. एकच अळी आपल्या आयुष्यात अनेक पात्या, फुलं आणि बोंडं खराब करते.

म्हणून पाहणीची पद्धतही बदलते. हिरवीसाठी झाडावर नजर फिरवली तरी चालते: गळालेल्या पात्या, छिद्रं, विष्ठा. गुलाबीसाठी बोंडं फोडावीच लागतात. शेतात तिरपं चालत एकरी वीस झाडं निवडा, प्रत्येक झाडाचं एक मध्यम वयाचं हिरवं बोंड तोडा आणि वीसही बोंडं भेगेवर दाबून उघडा. बोंडाच्या सालीच्या आतल्या बाजूला बारीक बोगदा किंवा फोडासारखा उंचवटा दिसला तर अळी आत शिरली होती, मग ती सापडो न सापडो.

डोमकळी म्हणजे काय? ती दोन्ही अळ्यांमुळे होते का?

नाही, ती गुलाबीची खूण आहे. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमासारख्या धाग्याने आतून बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या अर्धवट कळीसारखं मिटलेलं राहतं. तीच डोमकळी. पीक फुलावर आलं की अशा कळ्या शोधायच्या, तोडायच्या आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करायच्या. त्या धुऱ्यावर टाकून देणं म्हणजे अळीला पुढच्या मुक्कामाला सोडणं. हंगामाच्या सुरुवातीला हे काम अगदी थोडक्या मजुरीत होतं. पुढे महिन्याभराने तेवढ्याच परिणामासाठी फवारणीचा खर्च येतो.

जास्त नुकसान कोण करतं?

मागच्या पिढीतल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो हिरवी म्हणेल, आजच्याला विचारलं तर गुलाबी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत हिरवीने कापूस झोपवला. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं तिच्यावर चालेनाशी झाली होती. १९९० च्या दशकात विदर्भ-मराठवाड्यातही एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या करूनही बोंडं हाती लागत नव्हती. २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा कापूस, आला तो मुख्यतः तिच्यासाठी.

गुलाबीचं नुकसान डोळ्यांना उशिरा दिसतं, म्हणून त्याचा अंदाज चुकतो. बोंडांची संख्या तीच, पण ती नीट फुटत नाहीत. फुटली तरी कापूस डागाळलेला, पिवळट, आखूड धाग्याचा. बाजारात त्याला कवडी म्हणतात आणि भावही तसाच देतात. सरकी पोकळ झाल्याने वजन घटतं, तेलाचा उताराही कमी येतो.

बीटी कापूस लावूनही गुलाबी येते, मग हिरवी का फारशी येत नाही? विष तर एकच आहे.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

बीटी कापसात मातीतल्या बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले आहेत. २००२ च्या पहिल्या पिढीत क्राय१एसी हे एकच प्रथिन होतं, २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या दुसऱ्या पिढीत त्याच्या जोडीला क्राय२एबी आलं. दोन्ही प्रथिनं दोन्ही अळ्यांच्या आतड्यावर काम करत होती. गुजरातमध्ये २००९ च्या सुमारास गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देईनाशी झाल्याचं समोर आलं. काही वर्षांतच दुसऱ्या पिढीच्या बीटीवरही ती सर्रास जगू लागली, आणि २०१७ चा हंगाम महाराष्ट्रात गुलाबीचा हंगाम म्हणूनच लक्षात राहिला.

हिरवीच्या बाबतीत तसं का झालं नाही? ती पोटासाठी कापसावर अवलंबून नाही. तूर, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल, मका, भेंडी, मिरची असं तिचं खाणं दीडशेहून अधिक वनस्पतींवर पसरलेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांत बीटी नाही. कापसावर जगून वाचलेला एखादा चिवट पतंग तुरीवर वाढलेल्या साध्या पतंगांशी जोडी करतो आणि त्याचा चिवटपणा पुढच्या पिढीत पातळ होतो. मूग, उडीद, तूर घालून मिश्र शेती करणाऱ्या शेतकऱ्याने नकळत हे काम करून ठेवलं.

गुलाबीला हा रस्ताच नाही. कापूस आणि त्याची थोडीफार नातेवाईक झाडं सोडली तर ती कुठे वाढत नाही. शिवारभर बीटी कापूस, त्यावर वाचलेला नर आणि त्यावरच वाचलेली मादी. दोघं चिवट, पिल्लंही चिवट. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, १६० दिवसांच्या पुढे जाणारे. झाड म्हातारं होत जातं तसं त्यातलं क्राय१एसीचं प्रमाण उतरतं. गुलाबीचा मोठा हल्ला नेमका त्याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर येतो.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. आपल्याकडे बीटी संकरित वाणांतून आला. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी एकसारखी नसते. काही बियांत दोन्ही प्रथिनं, काहींत एक, थोड्यांत एकही नाही. गुलाबी सरकीच खाते, म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात. याचा तिच्या प्रतिकारशक्तीवर नेमका काय परिणाम होतो यावर शास्त्रज्ञांत दोन मतं आहेत. चीनमध्ये साध्या आणि बीटी दाण्यांच्या मिश्रणाने प्रतिकार उलट मागे ढकलला गेल्याचं आढळलं. तिथे गुलाबी आधीच फार चिवट झालेली नव्हती, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

बियाण्याच्या पाकिटासोबत साधं बियाणं का देत होते?

वर सांगितलेलं तुरीचं काम गुलाबीसाठी करायला. बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, बिगर-बीटी लावायचं होतं. त्यावर साधे पतंग तयार व्हावेत आणि त्यांनी चिवट पतंगांशी जोडी करावी हा हेतू. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकलं किंवा जनावरांना घातलं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण आपल्याच शेताचा पाचवा हिस्सा अळीला वाढून ठेवा असं दोन-तीन एकरवाल्याला सांगायचं आणि का ते समजावायचं नाही, यात कोणाची चूक जास्त? आता साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून मिळतं.

फरदड ठेवली तर एवढं काय बिघडतं? दोन-चार क्विंटल जादा निघतो.

फरदडीबद्दल माझं मत कडक आहे. ओलिताची सोय असली की डिसेंबरनंतर पाणी आणि खताचा डोस देऊन पऱ्हाटी (वेचणी झालेली कापसाची झाडं) पुन्हा फुलवायची, हा मोह समजण्यासारखा आहे. पण तो हिशेब एका शेताचा असतो आणि नुकसान सगळ्या शिवाराचं.

थंडी पडली की गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत, नाहीतर बोंडात, पालापाचोळ्यात, जमिनीत ती गपगार पडून राहते. न खाता-पिता महिनोन् महिने. कापूस डिसेंबरअखेर संपला तर तिला मेपर्यंत काही मिळत नाही. मे-जूनमध्ये पावसाच्या चाहुलीने पतंग बाहेर येतात आणि शिवारात फुलावरचा कापूस नसेल तर पुढची पिढी न वाढवताच मरतात. फरदड हा दुष्काळच मोडून टाकते. अळीच्या दोन पिढ्या फुकट वाढतात आणि जूनपर्यंत तिचं बस्तान पक्कं होतं.

हिरवीला फरदडीने फारसा फरक पडत नाही. कापूस संपला तर ती हरभऱ्यावर जाईल. म्हणून ‘पीक वेळेत संपवा’ हा सल्ला एकीसाठी रामबाण आहे आणि दुसरीसाठी जवळजवळ निरुपयोगी.

वेचणी संपली की शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा. त्या उरलीसुरली हिरवी बोंडं खाऊन टाकतात आणि मेंढपाळाला चराई मिळते. नंतर पऱ्हाट्या उपटून किंवा यंत्राने बारीक करून जमिनीत गाडा. जळणासाठी धुऱ्यावर रचलेला पऱ्हाट्यांचा ढीग म्हणजे किडकी बोंडं जपून ठेवण्याचं कोठार. जळण हवंच असेल तर बोंडं झोडून काढून मग रचा.

मे महिन्यात लागवड करू नका असं कृषी विभाग दरवर्षी का सांगतो?

कारण तेच. खानदेशात ठिबकवर मान्सूनपूर्व कापूस लावायची जुनी रीत आहे. हा कापूस लवकर पात्यांवर येतो आणि सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना ऐन वेळी अंडी घालायला जागा मिळते. तिथे वाढलेली पिढी मग जूनमध्ये लावलेल्या कापसावर उतरते. म्हणून महाराष्ट्रात बियाणं शेतकऱ्यांपर्यंत लवकर पोचू नये अशी बंधनं घातली जातात. लवकर लावणाऱ्याचं पीक कदाचित साधतं, शेजाऱ्याचं जातं.

दोन्हींसाठी एकच कामगंध सापळा चालेल का?

नाही. मादीचा वास प्रत्येक जातीचा वेगळा असतो आणि ल्युअरमध्ये, म्हणजे सापळ्यात लावायच्या वासाच्या गोळीत, त्याचीच नक्कल असते. गुलाबीसाठी गॉसिप्ल्युअर, हिरवीसाठी हेलील्युअर. एकाच सापळ्यात दोन्ही गोळ्या लावून पैसे वाचवायला जाऊ नका, मोजणीचा गोंधळ होतो. ल्युअर हाताळताना हात धुतलेले असावेत. एका ल्युअरला लावलेलं बोट दुसऱ्याला लागलं तरी वास मिसळतात.

पाहणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर राहील असा बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. सप्टेंबरमध्ये बांधलेला सापळा ऑक्टोबरमध्ये पानांत बुडालेला मी नेहमी पाहतो. ल्युअर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला बदला. वास गेलेल्या ल्युअरच्या सापळ्यात पाखरू येत नाही आणि शेतकरी समजतो, अळी गेली.

गुलाबीसाठी पातळी अशी: एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, तेही सलग तीन रात्री. किंवा दहा हिरव्या बोंडांमागे एकात जिवंत अळी. यातलं काहीही आधी झालं तर हालचाल करायची.

सापळ्यांनी नर पकडून अळी आटोक्यात येईल का?

दोन सापळ्यांनी नाही. सापळा नरालाच पकडतो, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. गुलाबीच्या बाबतीत मात्र वासाचा दुसरा उपयोग चांगला होतो. शेतभर इतका वास पसरवायचा की नराला मादी सापडूच नये. पीबी नॉटसारखी वासाची दोरी झाडांना गाठ मारून बांधतात, एकरी दीडशेच्या आसपास, पीक दीड महिन्याचं असताना. शेजारपाजारच्या मोठ्या सलग क्षेत्रावर एकत्र केलं तर हे काम करतं. एकट्या दोन एकरांत केलं तर बाहेर फळलेल्या माद्या येऊन अंडी घालून जातात.

हिरवीवर हीच युक्ती लावणं अवघड आहे. तिचा पतंग दणकट उडणारा. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो.

प्रकाश सापळा लावू का?

दोन्ही निशाचर आहेत, दोन्ही दिव्याला येतात. पण दिव्याला सगळेच येतात, उपयोगी कीटकसुद्धा. लावायचाच तर संध्याकाळचे काही तास, रात्रभर नाही. माझ्या मते याचा बोलबाला त्याच्या उपयोगापेक्षा मोठा आहे.

फवारणी कधी करावी? वेळ दोन्हींसाठी वेगळी का?

फवारणी अळीच्या अंगावर किंवा तिच्या खाण्यावर पडायला हवी. गुलाबी बोंडात शिरली की तिच्यावर काहीही पडत नाही. तुमच्या हातात असतात पतंग, अंडी आणि अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतची एवढीशी अळी. म्हणून सापळ्यांची मोजणी. पतंग वाढले की चार-पाच दिवसांत अंडी फुटणार हे धरून फवारणी आखायची. किडकी बोंडं दिसल्यावर केलेली फवारणी बहुतांशी समाधानासाठी असते.

हिरवीची लहान अळी कोवळी पानं, शेंडे, पात्या यांवर उघड्यावर खात असते. तेव्हा ती सहज मरते. इंचभर झाली की तिला मारायला जास्त विष लागतं आणि तरीही ती हुलकावणी देते. तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा शेतात फेरी हवी. झाडामागे एक अळी किंवा पाच ते दहा टक्के पात्या-बोंडं पोखरलेली दिसली तर थांबू नये.

कोणतं औषध, किती मात्रा, हे त्या वर्षीचा कृषी विद्यापीठाचा किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला पाहून ठरवा. दोन गोष्टी मात्र दरवर्षी लागू आहेत. पायरेथ्रॉइड गटाची औषधं हंगामाच्या सुरुवातीला वापरू नका, पांढरी माशी उसळते. आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून ‘कॉकटेल’ करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उंच वाढलेला कापूस, दमट हवा, तोंडाला फडकंसुद्धा नाही आणि पाठीवर जोरदार फवारा मारणारा पंप, हे सगळं एकत्र आलं होतं. फवारणीच्या मजुराला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा देणं ही शेतमालकाची जबाबदारी आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी कधीच नको.

पक्षीथांबे, ट्रायकोकार्ड, विषाणूचं औषध: कोणतं कोणावर?

पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला शेतात रोवलेल्या काठ्या, हिरवीसाठी. कोतवाल, साळुंकी झाडावर उघडी दिसणारी अळी टिपतात, बोंडात बसलेली गुलाबी त्यांना दिसतच नाही. एचएएनपीव्ही हा विषाणूही फक्त हिरवीचा आहे. संध्याकाळी फवारतात, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निष्प्रभ होतो. रोगाने मेलेली अळी शेंड्याकडे उलटी लटकलेली दिसते. तो गुलाबीवर फवारून उपयोग नाही, तरी काही दुकानांत ‘बोंडअळीसाठी’ म्हणून तो हातात दिला जातो. विकत घेताना विचारा, कोणत्या बोंडअळीसाठी?

ट्रायकोकार्डवरचे बारीक गांधीलमाशीसारखे परोपजीवी कीटक पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती नष्ट करतात. गुलाबीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री ही जात मागून घ्यावी. कार्ड लावल्यावर आठवडाभर रासायनिक फवारणी नको, नाहीतर आपणच आणलेले मदतनीस आपणच मारतो. निंबोळी अर्क पाच टक्के दोन्हींच्या अंडी घालण्यावर थोडाफार परिणाम करतो, सुरुवातीच्या काळात वापरायला हरकत नाही.

कापसाच्या कडेला झेंडूच्या ओळी लावतात त्याही हिरवीसाठी. तिची मादी झेंडूच्या कळ्यांवर खुशाल अंडी घालते.

चोर बीटीवर, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बिनमान्यतेच्या कापसावर, बोंडअळी येत नाही असं विक्रेता सांगतो. खरं आहे का?

नाही. तणनाशक सहन करण्याचा गुण आणि बोंडअळीपासून संरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या बियाण्याला सरकारी मान्यता नाही, पावती नाही, फसलात तर तक्रार करायला जागा नाही.

अमेरिकेने गुलाबी बोंडअळी संपवली म्हणतात. आपल्याला का जमत नाही?

तिथल्या कृषी खात्याने २०१८ मध्ये कापूस पिकवणारा प्रदेश गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यामागे शंभर वर्षांची लढाई आहे. ही अळी टेक्सासमध्ये १९१७ साली पोचली होती. शेवटच्या टप्प्यात त्यांनी चार गोष्टी एकत्र केल्या: जवळजवळ सगळीकडे बीटी कापूस, वासाने नर-मादी भेट रोखणं, ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाट्या गाडण्याची सक्ती, आणि किरणांनी वांझ केलेले पतंग विमानातून प्रचंड संख्येने सोडणं. आणि त्यांचा बीटी तेव्हा अळीवर पूर्ण चालत होता.

आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर कापूस, तोही लहान लहान तुकड्यांत, बीटी गुलाबीपुढे हरलेला. वांझ पतंगांची फौज इथे लगेच उभी राहणार नाही. पण पऱ्हाट्या वेळेत गाडण्याची तारीख गावाने ठरवणं आपल्या हातात आहे. ज्या गावांनी एकत्र लागवड आणि एकत्र शेवट हे पाळलं तिथे फरक दिसतो.

हिरवीला कोणत्याही देशाने संपवलेलं नाही. उलट २०१३ मध्ये ती ब्राझीलमध्ये सापडली आणि सोयाबीन-कापसावर पसरली.

गुलाबी बोंडअळी मुळात आली कुठून?

शास्त्रात तिची पहिली नोंद भारतातलीच आहे, १८४० च्या दशकात भडोचच्या कापसावरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सरकीबरोबर इजिप्तला गेली आणि इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ मध्ये मेक्सिकोत. पतंग स्वतः फार लांब उडत नाही, सरकी त्याला जगभर फिरवते. म्हणूनच जिनिंग आणि बाजार समितीच्या आवारात सापळे लावायचा सल्ला दिला जातो.

ठिपक्यांची बोंडअळी ही तिसरी कोण?

इअरियस जातीचे पतंग, पुढचे पंख हिरवट. ती कोवळ्या शेंड्यातही शिरते, शेंडा वाळून लोंबतो. भेंडी तिची आवडती. बीटीनंतर ती बरीच मागे पडली.

घरात साठवलेल्या कापसातून पाखरं निघतात. काय करू?

ती गुलाबीचीच. भावाची वाट पाहत मार्च-एप्रिलपर्यंत कापूस खोलीत ठेवला की सरकीतल्या अळ्यांचे पतंग होतात आणि खिडकीतून शिवारात जातात. कापूस शक्य तितक्या लवकर विका. किडका, कवडी कापूस चांगल्यात मिसळू नका, वेगळा वेचा आणि आधी काढा. थांबावंच लागलं तर खोलीत गॉसिप्ल्युअरचा सापळा टांगा आणि खिडकीला बारीक जाळी लावा.

कापूस काढून हरभरा पेरला तर अळी हरभऱ्यावर येईल का?

गुलाबी येणार नाही, हरभरा तिचं खाणंच नाही. उलट डिसेंबरात कापूस काढून हरभरा किंवा गहू घेणं हा तिला उपाशी ठेवण्याचा चांगला मार्ग. हिरवी मात्र येईल. तिचे कोष कापसाच्या मातीत असतात, म्हणून पेरणीआधी खोल नांगरट करा. कोष उघडे पडतात, ऊन आणि बगळे बाकीचं पाहतात. हरभरा फुलावर यायच्या सुमारास हेलील्युअरचे सापळे लावा आणि ओळीत दर मीटरला एक-दोन लहान अळ्या दिसू लागल्या की एचएएनपीव्ही संध्याकाळच्या वेळी फवारा. घाटे भरायला लागल्यावर जागे झालात तर अळी इंचभर झालेली असेल.